डेस्कफोनवर दुसरा कॉल येतो तेव्हा: फ्रंट डेस्कला नव्याने बसणाऱ्यांसाठी

फ्रंट डेस्कवर नव्याने बसलेला माणूस घाबरतो तो दुसऱ्या फोनला. पहिल्याशी बोलणं अर्ध्यावर असतं, काउंटरवर कुणीतरी फाइल घेऊन उभं असतं, आणि तेवढ्यात फोनवरचा आणखी एक दिवा लुकलुकू लागतो. घाईत भलतंच बटण दाबलं जातं आणि पहिला कॉल कट होतो. बटणं शिकायला खरं तर एक दुपार पुरते. पण बहुतेक ऑफिसांत ती शिकवायला कुणाला वेळ नसतो. "येईल हळूहळू" म्हणत नव्या मुलीला किंवा मुलाला थेट खुर्चीत बसवतात. ते मला पटत नाही, म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढते आहे. माझं बरंचसं काम रुग्णालयाच्या रिसेप्शनवर झालं, त्यामुळे उदाहरणं तिथली येतील. कॉलेजचं ऑफिस असो, कारखान्याचं गेट असो की सीएची फर्म, पद्धत हीच.

सुरुवातीला एकच गोष्ट पक्की धरा. जो कॉल तुम्ही उचललात तो तुमचा. एक्स्टेन्शनवरचा (ऑफिसातल्या आतल्या छोट्या नंबरवरचा) माणूस "हो, द्या" म्हणेपर्यंत, किंवा लिहून घेतलेला निरोप योग्य माणसाच्या हातात पडेपर्यंत, तो तुमचाच राहतो.

समोर कोणता फोन आहे ते ओळखा

आपल्याकडे ढोबळमानाने दोन प्रकार दिसतात. एक साधा फोन, बीटेलसारखा: बारा बटणं, शिवाय रीडायल, म्यूट आणि फ्लॅश. स्क्रीन असलाच तर नंबर दाखवण्यापुरता. त्याची वायर ईपीएबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजच्या, डब्यात जाते आणि सगळी जोडाजोड तो डबा करतो. दुसरा आयपी फोन, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवर चालणारा: यीलिंक, ग्रँडस्ट्रीम, सिस्को वगैरे. त्याला मोठा स्क्रीन असतो, स्क्रीनखालच्या बटणांचं काम प्रसंगाप्रमाणे बदलतं, बाजूला दिवेवाली लाइन बटणं असतात आणि मागे कॉम्प्युटरला लावतात तशी नेटवर्क केबल. पॅनासॉनिक किंवा मॅट्रिक्सच्या एक्स्चेंजसोबत ऑपरेटरसाठी त्याच कंपनीचा बऱ्याच बटणांचा डिजिटल फोनही येतो. त्यावर होल्ड आणि ट्रान्सफरची वेगळी बटणं असतात, पण बारकावे कंपनीगणिक बदलतात, तेव्हा तो असेल तर त्याचं माहितीपत्रक मागून घ्या.

पहिल्याच दिवशी चार गोष्टी विचारून फोनशेजारी चिकटवा. बाहेरची लाइन घ्यायला काय दाबायचं (बहुतेक ठिकाणी ० किंवा ९). एक्स्टेन्शन किती आकडी. तुमचं स्वतःचं एक्स्टेन्शन कोणतं. आणि ११२ थेट लागतो की त्याआधीही ० दाबावा लागतो. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. एक्स्चेंज बघणाऱ्या माणसालाच तो विचारा आणि उत्तर जाड अक्षरात लिहा, कारण गरज पडेल तेव्हा विचारायला वेळ नसेल.

साध्या फोनवरून कॉल देणं

१. समोरच्याला आधी सांगा: "मी तुम्हाला बिलिंगला जोडून देते, लाइनवर राहा." तो "बरं" म्हणेपर्यंत थांबा.

२. फ्लॅश एकदा दाबून सोडा. डायल टोन येईल, बऱ्याच एक्स्चेंजवर तो तुटक असतो. बाहेरच्या माणसाला आता तुमचं बोलणं ऐकू जात नाही, तो संगीत ऐकतो आहे.

३. एक्स्टेन्शन लावा.

४. पलीकडे उचलल्यावर कोण आहे आणि काम काय, ते एका वाक्यात सांगा.

५. "द्या" म्हणाले की रिसीव्हर ठेवा. ठेवल्याबरोबर ते दोघं जोडले जातात.

पलीकडे उचललं नाही, किंवा एंगेज लागला, तर पुन्हा फ्लॅश दाबलं की बाहेरचा माणूस परत तुमच्याकडे येतो. काही एक्स्चेंजवर फ्लॅशनंतर एखादा आकडाही दाबावा लागतो, तो विचारून ठेवा. एंगेज टोन वाजत असताना रिसीव्हर मात्र ठेवू नका. काही ठिकाणी कॉल परत तुमच्याकडे वाजतो, काही ठिकाणी तुटतो, आणि कॉल करणाऱ्याला वाटतं की मुद्दाम कापला.

फ्लॅशबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नव्या माणसाच्या नावावर खपणारे बरेच दोष खरं तर या बटणाचे असतात. फ्लॅश दाबलं की फोन लाइन क्षणभर तोडतो आणि पुन्हा जोडतो. हा क्षण किती लांब, हे फोनवर ठरवलेलं असतं: साधारणपणे १००, ३०० किंवा ६०० मिलिसेकंद. एक्स्चेंजला जेवढा अवधी अपेक्षित आहे त्यापेक्षा तो जास्त झाला, तर एक्स्चेंजला वाटतं तुम्ही फोन ठेवला, आणि कॉल जातो. कमी झाला तर काहीच घडत नाही, तुम्ही दाबत राहता आणि समोरचा "हॅलो, हॅलो" करत राहतो. तेव्हा "फ्लॅश दाबलं की कॉल कट होतो" असं दोनदा-तीनदा झालं, तर स्वतःला दोष देत बसू नका. टेक्निशियनला बोलावून फोनची आणि एक्स्चेंजची फ्लॅशची वेळ जुळवून घ्या. बऱ्याच फोनना त्यासाठी तळाशी किंवा कडेला छोटा स्विचच असतो. फ्लॅश बटणाऐवजी रिसीव्हरखालची खुंटी बोटाने टपकन दाबण्याची सवय जुन्या मंडळींना असते. ती उचलू नका. बोटाचा अवधी दर वेळी वेगळा पडतो.

आयपी फोनवरून कॉल देणं

इथे ट्रान्सफरचं वेगळं बटण असतं. ते दाबलं की पहिला कॉल आपोआप होल्डवर जातो. एक्स्टेन्शन टाका, हॅश किंवा सेंड दाबा, पलीकडच्याशी बोला. तो तयार असेल तर ट्रान्सफर पुन्हा दाबा. मगच रिसीव्हर ठेवा.

हे दुसऱ्यांदा दाबणंच महत्त्वाचं आहे. साध्या फोनवर रिसीव्हर ठेवल्याने कॉल जोडला जातो. आयपी फोनवर दुसऱ्यांदा ट्रान्सफर न दाबता रिसीव्हर ठेवलात, तर काय होईल ते त्या फोनच्या सेटिंगवर अवलंबून असतं: कधी जोडला जातो, कधी तुमचं पलीकडचं बोलणं तुटतं आणि बाहेरचा माणूस होल्डवर तसाच अडकून राहतो. ऑफिसात जुने फोन काढून नवे बसवले की पहिल्या आठवड्यात "तुमच्याकडे कॉल कट होतात" अशा तक्रारी येतात, त्या बहुधा यामुळेच. म्हणून क्रम तोंडपाठ करा: ट्रान्सफर, नंबर, बोलणं, ट्रान्सफर, ठेवणं.

पलीकडचा "आत्ता नको" म्हणाला, तर स्क्रीनखालचं कॅन्सल किंवा एंड कॉलचं बटण दाबा. बाहेरचा माणूस अजून होल्डवरच आहे, हे लक्षात ठेवा. तो आपोआप परत येईलच असं नाही. रिझ्यूम दाबून त्याला परत घ्यावं लागतं.

न विचारता थेट कॉल देण्याचीही सोय आहे. यीलिंकच्या बऱ्याच फोनवर ट्रान्सफर दाबून नंबर टाकायचा आणि वाट न बघता पुन्हा ट्रान्सफर दाबायचं. साध्या फोनवर पलीकडे रिंग वाजत असतानाच रिसीव्हर ठेवला की तेच होतं. ही सोय मी फार कमी वापरते. औषधांचं काउंटर, जिथे दिवसभर कुणी ना कुणी असतंच, तिथे चालेल. चिडलेला माणूस, वयस्कर माणूस, किंवा आधीच एकदा इकडून तिकडे फिरून आलेला माणूस असेल तर कधीच नाही. अशा वेळी विचारून देण्यात जी पंधरा-वीस सेकंदं जातात, ती वाया जात नाहीत. पलीकडचा "बोला काका, रिपोर्टबद्दल ना?" असं म्हणून सुरुवात करतो आणि काकांना आपली हकिगत पहिल्यापासून सांगावी लागत नाही.

होल्ड, म्यूट आणि तळहात

माउथपीसवर तळहात ठेवून शेजारच्याशी बोलू नका. सगळं ऐकू जातं. म्यूटमध्ये तुमचा आवाज पलीकडे जात नाही, पण त्या माणसाला नुसती शांतता ऐकू येते आणि त्याला वाटतं लाइन गेली. शिंक आली, कुणी शेजारी मोठ्याने बोललं, तर म्यूट. बाकी सगळ्याला होल्ड, कारण होल्डवर संगीत किंवा ठरावीक टोन वाजतो आणि आपण अजून जोडलेले आहोत हे त्या माणसाला कळतं.

होल्डवरच्या माणसाचा अर्धा मिनिट आपल्या दोन मिनिटांएवढा असतो. मी स्वतःला घालून घेतलेला दंडक असा: तीस-चाळीस सेकंदांच्या वर गेलं, की परत जाऊन एवढं तरी सांगायचं, "अजून शोधते आहे, थांबाल की मी फोन करू?" पर्याय दिला की माणूस शांत होतो. आणि फोन करते म्हणालात तर नंबर आणि वेळ लिहून घ्या आणि खरंच करा.

आता दुसरा कॉल

सकाळी अकराची वेळ, ओपीडी भरलेली. तुम्ही एका बाईंना सोनोग्राफीची वेळ देता आहात. दुसरी लाइन लुकलुकते. काय करायचं?

पहिल्या बाईंचं वाक्य पूर्ण होऊ द्या. मग: "ताई, दुसरी लाइन वाजते आहे, एक क्षण थांबता का?" त्या "हो" म्हणाल्या की होल्ड दाबा, आणि नंतरच दुसऱ्या लाइनचं बटण. बहुतेक आयपी फोनवर नुसतं दुसरं बटण दाबलं तरी पहिला कॉल आपोआप होल्डवर जातो, पण जुन्या डिजिटल फोनवर तशी सोय चालू केलेली नसेल तर पहिला कॉल तुटतो. आधी होल्ड दाबायचा नेम ठेवलात तर कुठल्याही फोनवर तुम्ही सुरक्षित.

दुसऱ्या लाइनवर: "नमस्कार, रिसेप्शन. मी एका कॉलवर आहे, तातडीचं आहे का?" हा प्रश्न विचारून उत्तर ऐका. "होल्ड करा हं" म्हणून लगेच बटण दाबलं, तर पलीकडचा माणूस कदाचित "पेशंट बेशुद्ध आहे" म्हणत असतो आणि ते वाक्य संगीतात जातं. तातडीचं असेल तर तो कॉल आधी, सोनोग्राफीची वेळ नंतर. नसेल तर त्याला होल्डवर ठेवून पहिल्या बाईंकडे परत या, त्यांचं काम संपवा, मग दुसऱ्याकडे जा. तिसरी लाइन वाजली तरी रीत हीच, फक्त दोघंजण होल्डवर असताना तिसऱ्याला मी थांबवत नाही. नाव, नंबर घेते आणि परत फोन करते असं सांगते. दोन होल्ड डोक्यात राहतात, तिसरा राहत नाही.

म्हणून कागद. फोनशेजारी वही उघडी ठेवा आणि प्रत्येक लाइनपुढे दोन शब्द लिहा:

लाइन १, शिंदे बाई, सोनो, वेळ द्यायची
लाइन २, मुलगा, वडील वॉर्ड ३, बिल

परत आल्यावर "हां, बोला" म्हणण्याऐवजी "शिंदे ताई, थांबवलं त्याबद्दल माफ करा, गुरुवारी सकाळी साडेनऊ चालेल?" असं म्हणता येतं. होल्डवरून परत आल्यावर समोरच्याला स्वतःचं नाव ऐकू आलं की अर्धा राग तिथेच जातो.

दिव्यांचे रंगही वाचायला शिका. सिस्कोच्या बऱ्याच डेस्कफोनवर स्थिर हिरवा म्हणजे चालू कॉल, लुकलुकणारा हिरवा म्हणजे तुम्ही होल्डवर ठेवलेला, लुकलुकणारा पिवळा-नारिंगी म्हणजे नवा येणारा. यीलिंकवर सहकाऱ्यांच्या एक्स्टेन्शनची बटणं लावलेली असतील, तर मूळ सेटिंगमध्ये हिरवा म्हणजे तो मोकळा, लाल म्हणजे बोलतो आहे, भराभर लुकलुकणारा लाल म्हणजे त्याचा फोन वाजतो आहे. कॉल देण्याआधी त्या दिव्याकडे एक नजर टाकली की एंगेजला जोडण्याची वेळच येत नाही.

नावं आणि आकडे

"पाटील साहेबांना द्या." आपल्याकडे हे वाक्य रोज येतं आणि कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या ऑफिसात पाटील एकापेक्षा जास्त असतात. "कोणते पाटील?" हे तुसडं वाटतं. "अकाउंट्सचे पाटील साहेब की स्टोअरचे?" असं विचारा. नाहीतर सरळ "कशासंदर्भात बोलायचं होतं?" विचारा, त्यातून विभाग कळतो. "कोण बोलतंय?" ऐवजी "कोणाचा फोन आहे म्हणून सांगू?" म्हणालात तर नाव न सांगणारेही सांगतात. तुमच्या एक्स्टेन्शनच्या यादीत आडनावापुढे विभाग आणि पहिलं नाव हाताने लिहून ठेवा. छापील यादीत ते क्वचितच असतं.

आकडे नेहमी सुटे सांगा आणि सुटे घ्या. "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर", "त्रेपन्न" आणि "त्रेसष्ट", फोनवर यांत गफलत ठरलेली. हिंदीत बोलणारा कॉलर असेल तर "उनसठ-उनहत्तर" पुन्हा तेच. "दोन, पाच, नऊ" असं म्हणा. मोबाइल नंबर घेतलात तर पाच-पाच आकडे करून परत वाचून दाखवा.

माणूस जागेवर नसेल तर

रुग्णालयात किंवा कारखान्यात हवा असलेला माणूस फिरतीवर असतो. अशा वेळी पार्क ही फार उपयोगी सोय आहे, पण ती फारसं कुणी शिकवत नाही. होल्डवर ठेवलेला कॉल सहसा तुमच्याच फोनवरून परत घेता येतो. पार्क केलेला कॉल ऑफिसातल्या कुठल्याही फोनवरून उचलता येतो. अ‍ॅस्टरिस्कवर (एक्स्चेंज चालवणारं एक सॉफ्टवेअर) चालणाऱ्या एक्स्चेंजच्या मूळ मांडणीत ७०० या नंबरवर कॉल ट्रान्सफर करायचा. यंत्र तुम्हाला जागेचा नंबर वाचून दाखवतं, समजा ७०१. तो ऐकून मगच ट्रान्सफर पूर्ण करा. मग वॉर्डात फोन करून किंवा माइकवरून सांगा, "सिस्टर, तुमच्यासाठी ७०१ वर लाइन आहे." सिस्टर जवळच्या कुठल्याही फोनवरून ७०१ लावतात आणि बोलू लागतात. कुणी उचललं नाही तर मूळ सेटिंगमध्ये ४५ सेकंदांनी कॉल पार्क करणाऱ्याकडे परत येतो. तुमच्याकडे नंबर वेगळे असू शकतात, पण अशी सोय आहे का ते विचाराच.

याची जोडसोय म्हणजे पिकअप. शेजारच्या टेबलावरचा फोन वाजतोय आणि माणूस चहाला गेलाय, तर उठून जायची गरज नाही. आपल्या फोनवरून ठरलेला कोड दाबला की तो कॉल तुमच्याकडे येतो. अ‍ॅस्टरिस्कमध्ये तो मूळचा स्टार ८ आहे. एकाच गटातली एक्स्टेन्शन असतील तरच चालतो.

दिलेला कॉल परत आला तर

न विचारता दिलेला कॉल पलीकडे कुणी उचलला नाही, तर बऱ्याच एक्स्चेंजवर काही वेळाने तो तुमच्याकडेच परत वाजतो. स्क्रीनवर तो कधी त्या एक्स्टेन्शनच्या नावाने दिसतो, कधी बाहेरच्या नंबराने. तुम्ही नवा कॉल समजून "नमस्कार, रिसेप्शन" म्हणालात, तर बिचारा माणूस सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो. म्हणून कुणाला कुठे दिलं त्याचीही वहीत खूण करा आणि परत आल्यावर लगेच म्हणा, "फार्मसीत फोन उचलत नाहीयेत, माफ करा. निरोप देऊ का?" एकाच माणसाला दिलेला कॉल दोनदा परत आला, तर तिसऱ्यांदा तसाच पाठवू नका. निरोप घ्या, आणि चिठ्ठी स्वतः पोचवा किंवा कुणाच्या हाती पाठवा.

चिठ्ठीत कॉल आल्याची वेळ, नाव, नंबर, काम, आणि "ते परत फोन करणार की आपण करायचा" हे हवंच. शेवटचं राहिलं की दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या फोनची वाट बघत बसतात.

जे द्यायचं नाही

डॉक्टरांचा, साहेबांचा किंवा कुठल्याही सहकाऱ्याचा खासगी मोबाइल नंबर फोनवर द्यायचा नाही, समोरचा कितीही ओळखीचा असल्याचं सांगत असला तरी. "तुमचा नंबर द्या, मी त्यांना कळवते" एवढंच. रुग्ण कोणत्या वॉर्डात आहे, त्याला काय झालंय, हेही तुम्ही सांगायचं नाही. आणि कुणी "मी टेलिफोन कंपनीतून बोलतोय, लाइन तपासतोय, फ्लॅश दाबून अमुक आकडे दाबा" किंवा "मला बाहेरच्या या नंबराला जोडून द्या" म्हणालं, तर नाही म्हणा. तुमच्या लाइनवरून परस्पर महागडे कॉल लावण्याचा हा जुना डाव आहे. नाव-नंबर घ्या आणि एक्स्चेंज बघणाऱ्याला कळवा.

सराव आणि संध्याकाळ

दुपारी गर्दी ओसरली की एका सहकाऱ्याला सोबत घ्या. स्वतःच्या मोबाइलवरून ऑफिसच्या नंबराला फोन करा, डेस्कफोनवर उचला, सहकाऱ्याच्या एक्स्टेन्शनला विचारून द्या. मग त्याला मुद्दाम "नको" म्हणायला सांगा आणि कॉल परत घ्या. मग त्याला फोन उचलूच नका म्हणावं, आणि परत येणारा कॉल स्क्रीनवर कसा दिसतो ते बघा. आणखी एक मोबाइल मिळाला तर दोन कॉल एकदम आणून होल्ड आणि अदलाबदल करून बघा. मोबाइल कानाला लावून स्वतःच्याच होल्डचं संगीत जरूर ऐका. काही ठिकाणी ते इतकं कर्कश असतं की लोक त्यामुळेच फोन ठेवतात. तसं असेल तर बदलायला सांगा, एक्स्चेंजच्या सेटिंगमध्ये ते बदलता येतं.

घरी निघताना तीन गोष्टी बघा. दुपारी जेवायला जाताना लावलेलं कॉल फॉरवर्ड किंवा डू नॉट डिस्टर्ब काढलंय ना. नाइट मोडची सोय असेल तर तो चालू केलाय ना, म्हणजे रात्रीचे कॉल रिकाम्या खुर्चीपुढे वाजत न राहता कॅज्युअल्टीला किंवा वॉचमनकडे जातील. आणि ज्यांना "मी फोन करते" म्हणाला होतात त्यांतलं कुणी राहिलं असेल, तर एक तर आत्ता करा, नाहीतर वहीचं ते पान रात्रपाळीच्या माणसाच्या हातात देऊन नाव-नंबर वाचून दाखवा.